जुलैत गोव्याला जावं का? की पावसाळ्यात तिथे खरंच सगळं बंद असतं?

तुम्हाला जुलैत आठवडाभर रजा मिळतेय, आणि ऑफिसातले सगळे सांगतायत की पावसात गोवा बंद असतो, डिसेंबरपर्यंत थांब. माझं उत्तर: जुलैतच या. डिसेंबरात येऊ नका.

'सगळं बंद असतं' हे वाक्य मी घरात इतकी वर्षं ऐकतोय की अनोळखी माणसाने विचारलं तरी गप्प बसवत नाही. मी गोव्यातल्या माशेल गावचा. ताई लग्न होऊन पुण्याला गेली. भाऊजी माणूस चांगला, पण त्यांच्या लेखी गोवा म्हणजे नाताळचा आठवडा, कळंगुटच्या बाजूचं हॉटेल आणि वाळूवरचा शॅक, म्हणजे तात्पुरती उभारलेली खानावळ. मे संपता संपता शॅक उतरवतात, तिथे त्यांचा गोवा संपतो. त्यामुळे ताईला चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माहेरी येणं जमत नाही. "एवढ्या पावसात कुठे जातेस? डिसेंबरात जाऊच की सगळे." मग डिसेंबरात येतात, गाड्यांच्या रांगेत अर्धी दुपार काढतात, आईकडे जेवतात आणि संध्याकाळी परत किनाऱ्यावर. तिची माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधतात ती रानफळांची चौकट, बांधायची राहून जाते ती राहूनच जाते.

बरं, ज्या हवेसाठी डिसेंबर म्हणतात ती हवा तरी बघा. डिसेंबरात पणजीत पहाटे गार वाटतं, पण दुपारी पारा 32-33 अंशांवर असतो. जुलै-ऑगस्टात तो दुपारीसुद्धा 29 च्या आसपास राहतो. म्हणजे दिवसाचा गारवा पावसात जास्त. वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. जुलै सर्वांत ओला. सह्याद्री ढग अडवतो म्हणून सत्तरी-सांगे या आतल्या डोंगराळ भागात किनाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त कोसळतो. पण दिवसभर अखंड धार लागली आहे असं रोज नसतं. सर येते, झोडपते, जाते, मध्येच लख्ख ऊन पडतं.

एका आषाढात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. ताई आली, भाऊजींनाही यावं लागलं. चोर्ला घाटात धुकं इतकं की पुढच्या गाडीचे दिवे दिसेनात, त्यामुळे घरात शिरले ते कपाळाला आठ्या घालूनच. नेमकी आषाढी एकादशी आलेली. देवकीकृष्णाच्या देवळात रात्रभर भजन, आणि दुसऱ्या दिवशी द्वादशीला देवळासमोरच्या मैदानात चिखलकालो. अंगाला तेल चोपडून गावातले पुरुष, पोरं त्या चिखलात उतरतात, खेळतात, लोळतात, आणि वरून पाऊस. आमच्या देवळात कृष्ण आई देवकीबरोबर आहे, म्हणजे आईसमोर खेळणारं मूल. त्या दिवशी अख्खा गाव तसा खेळतो.

भाचा तेव्हा दहा-अकराचा. मी त्याच्या पाठीला तेल लावत असतानाच तो हातातून निसटून पळाला. भाऊजी छत्री उघडून पायरीवर उभे, "त्याला बाहेर काढा, ताप येईल." तासाभराने पोरगं आलं तेव्हा डोळे आणि दात तेवढे दिसत होते. ताई त्याच्याकडे बघून हसत होती आणि रडतही होती. लहानपणी आम्ही चिखलात खेळताना ती पायरीवर बसून अशीच बघायची. घरी चुलीवरच्या भाणातलं कढत पाणी त्याच्या अंगावर ओतलं. ताप नाही, शिंकसुद्धा नाही.

दुपारी पानात ताळखिळ्याची, म्हणजे टाकळ्याची, भाजी होती, फणसाच्या आठळ्या आणि भरपूर खोबरं घातलेली. भाऊजींनी दोनदा मागून घेतली आणि विचारलं, हा पाला कुठल्या बाजारात मिळतो? आई म्हणाली, "बाजारात कशाला? पहिला पाऊस पडला की परसात उगवतो."

दुसऱ्या दिवशी त्यांना फेरीबोटीने मांडवीतल्या दिवाडी बेटावर नेलं. मांडवी तांबडी झालेली, पलीकडे शेतं हिरवीगार, रस्त्यावर गर्दी नाही. आणि त्याच रात्री पुण्याला फोनवर भाऊजी कुणाला तरी सांगतात, "अरे, काही नाही इथे, सगळं बंद आहे." देऊळ उघडं, फेरी चालू, बाजार भरलेला, पणजीतली खानावळ दुपारी जागा नाही इतकी गजबजलेली. वाळूवरचं टेबल तेवढं नव्हतं. ज्याला त्या टेबलासाठीच यायचंय त्याने खुशाल डिसेंबरात यावं, पण मग गोवा बघितला असं म्हणू नये.

बाकीचे महिने थोडक्यात सांगतो. ऑक्टोबरात सगळं हिरवं असतं, पण दुपारी उकाडा आणि संध्याकाळी विजांचा गडगडाट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोरडी हवा, त्यातल्या त्यात जानेवारीचा उत्तरार्ध बरा, नाताळची गर्दी ओसरलेली असते. मार्चमध्ये शिगमो, म्हणजे आमचा शिमगा, आणि हुर्राक ही काजूची ताजी दारू. एप्रिल-मे घामाने नको करतात, पण मानकुराद आंबा खायचा तर तेव्हाच यावं लागतं.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पावसात समुद्रात उतरायचं नाही. लाल बावटा असेल तिथे गुडघाभर पाण्यातही नाही. लाट पायाखालची वाळू ओढून नेते, पट्टीचा पोहणारा असला तरी उपयोग नाही. धबधब्यांवर पाणी अचानक वाढतं, वनखातं बंदीही घालतं, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. दूधसागरला कुळ्याहून जाणाऱ्या जीप पावसात बंद असतात आणि रुळांवरून चालत जाणं बेकायदेशीर आहे. रेल्वेतून दिसेल तेवढा बघा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात. आणि मासे हेच मुख्य कारण असेल तर जुलै सोडा: 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. खाडीचे मासे आणि सुंगटांची किसमूर (सुक्या कोळंबीची खोबरं घातलेली कोशिंबीर) मिळते, पण ताज्या विसवणाची, म्हणजे सुरमईची, आशा धरू नका. कपडे वाळत नाहीत, जास्तीचे जोड आणा.

राहायला किनारा नको. फोंडा, दिवाडी, माशेल, सांगे या बाजूला कुणाच्या घरात खोली मिळाली तर घ्या. साळावलीचं धरण भरलं असेल तर ते बघा. ऑगस्टपर्यंत रजा पुढे ढकलता आली तर रस्त्याकडेला रानातली आळमी, म्हणजे अळंबी, विकायला येतात. भाव ऐकून दचकाल, तरी घ्या.

आणि हे उत्तर मी भाऊजींना पाठवणार आहे. भाऊजी, यंदा चवथीला ताईला पाठवा. तुम्हीही आलात तर आई ताळखिळ्याची भाजी करेल. नाही आलात तरी ताईचं तिकीट मी काढतो.