कोरोनात मुलांनी ऑनलाइन शिक्षणाशी कसं जुळवून घेतलं?

तुम्ही विचारलंय की कोरोनाच्या काळात विद्यार्थ्यांनी ऑनलाइन शिक्षणाशी नेमकं कसं जुळवून घेतलं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि धाकटा भाऊ तिसरीत, त्यामुळे लहानमोठ्या दोघांचंही जवळून बघितलंय. मला विचाराल तर अ‍ॅपपेक्षा आम्ही एकमेकांमुळे तरलो.

मार्च 2020 ला कॉलेज बंद झालं तेव्हा वाटलं पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. पहिले काही आठवडे लेक्चरला जॉइन व्हायचं, कॅमेरा बंद, हजेरी लागली की झालं, ऐकू सगळं यायचं पण डोक्यात काही जायचं नाही. नंतर कळलं की वर्गात आपण अर्धं तर शेजारणीच्या वहीत डोकावून शिकत असतो, आणि तेच गेलं होतं. मग आम्ही चौघींनी वेगळा ग्रुप केला, लेक्चर चालू असतानाच कोणीतरी टाकायचं "ही स्टेप कुठून आली?" आणि दुसरी वहीचा फोटो पाठवायची.

आमच्यातल्या एकीच्या घरी एकच फोन, तोही वडील कामाला घेऊन जायचे, तिला रात्री नऊनंतर मिळायचा. तासाभराचं रेकॉर्डिंग उघडलं की डेटा संपायचा म्हणून मी तिला पानांचे फोटो आणि दहा मिनिटांच्या व्हॉइस नोट पाठवायचे. एकदा थर्मोच्या (थर्मोडायनॅमिक्स, म्हणजे उष्णता आणि कामाचा विषय) गणितात तिने विचारलं, इथे वर्क मायनस का घेतलंय? मी फळ्यावरचं तसंच उतरवलं होतं, मलाच सांगता येईना. रात्री पुस्तक काढून बसले तेव्हा समजलं की इथे वायू दाबला जातोय, काम त्याच्यावर होतंय, आणि आमच्या पुस्तकात वायूने केलेलं काम प्लस धरतात म्हणून हे मायनस. खरं सांगते, तो विषय मला तिला समजावता समजावताच आला.

थकवा मात्र खूप यायचा. स्क्रीनवर सतत स्वतःचा चेहरा दिसणं आणि एका जागी अडकून बसणं, याने दमायला होतं असं स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये मांडलं. ते वाचायच्या आधीच आम्ही थिअरीचं लेक्चर इयरफोन लावून खोलीत फेऱ्या मारत ऐकायला लागलो होतो.

भावाचं वेगळंच. तो वही कॅमेऱ्यासमोर धरून बाईंनी "छान" म्हणेपर्यंत हात खाली घ्यायचा नाही, आणि चाळीस मुलांत बाई किती जणांना बघणार! आई रोज शेजारी बसायची म्हणून त्याचं वाचन सुटलं नाही. ज्यांचे आईवडील कामावर होते ती मुलं मागे पडली, त्यात त्यांची काय चूक?

आणि हे सगळं इंटरनेट असलेल्यांचं झालं. युनिसेफ आणि आयटीयू (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संघटना) यांच्या डिसेंबर 2020 च्या अहवालात आहे की जगातल्या 3 ते 17 वयाच्या दोन तृतीयांश मुलांकडे, म्हणजे 130 कोटी मुलांकडे, घरी इंटरनेटच नव्हतं. कुठे टीव्ही-रेडिओवर धडे लागले, पण रेडिओला शंका कशी विचारणार?

प्रॅक्टिकलला तर काही उपायच सापडला नाही. व्हिडिओ बघून जर्नल पूर्ण केलं, मार्कही मिळाले. कॉलेज उघडल्यावर मायक्रोमीटर, म्हणजे अगदी बारीक जाडी मोजायचं साधन, पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा रीडिंग घेता येईना, शेवटी लॅब असिस्टंट काकांना विनंती केली आणि दोन आठवडे रोज कॉलेज सुटल्यावर थांबून आम्ही चौघी ते शिकलो.