रोपं नकोत, आधी विरळणी करा

प्रश्न : महाविद्यालयाच्या मालकीचे 4 हेक्टर मिश्र जंगल आहे. झाडे दाट आणि काटकुळी आहेत. विद्यार्थी दरवर्षी रोपे लावतात, पण ती जगत नाहीत. काय करावे?

उत्तर : लागवड तूर्त थांबवा. वर शेंड्यांचे छत मिटलेले असताना खड्डा कितीही चांगला खणला तरी रोपाला ऊन मिळत नाही. म्हणून आधी विरळणी, म्हणजे दाटीतली काही झाडे निवडून काढणे.

आधी मोजणी करा. खुंटीला 5.64 मीटर दोरी बांधून गोल फिरवा. आत 100 चौरस मीटर क्षेत्र येते. उतारावर दोरी जमिनीलगत नव्हे, क्षितिजसमांतर धरा. आतली झाडे मोजून शंभराने गुणली की हेक्टरी संख्या मिळते. असे 15-20 गोल ठरावीक अंतरावर घ्या. वाटेकडेच्या सोयीच्या जागा निवडल्या तर आकडा फसवतो. घेर 1.37 मीटर उंचीवर मोजा आणि 3.14 ने भागून व्यास काढा. झाड 15 मीटर उंच आणि व्यास जेमतेम 15 सेंटिमीटर असेल, तर त्याचा वाऱ्यात भरवसा नाही.

विरळणीत नेहमीची चूक म्हणजे खालची दबलेली बारीक झाडे काढून काम झाले समजणे. ती वरच्या झाडाशी स्पर्धा करतच नव्हती! उलट करा. राखायची सरळ, निरोगी झाडे आधी ठरवा. मान वर करून त्यांचे शेंडे पाहा आणि ज्या शेजाऱ्याच्या फांद्या त्यात घुसल्या आहेत, असा एखाददुसरा काढा. तो जाडजूड असला तरी हात आखडू नका. मात्र एका वेळी पाव हिश्शापेक्षा जास्त झाडे काढू नका. एकदम मोकळीक मिळाली तर काटकुळी झाडे वाकतात, खोडावर फुटवे येतात आणि तण माजते. चार-पाच वर्षांनी पुन्हा पाहा.

तोडायच्या झाडावर छातीच्या उंचीला आणि अगदी बुंध्याशी, अशा दोन खुणा रंगवा. तोडणीनंतर खुंटावर रंग दिसला नाही, तर भलतेच झाड गेले हे लगेच कळते. स्वतःच्या मालकीच्या झाडालाही अनेक ठिकाणी तोडपरवानगी लागते, ती आधीच घ्या.

खुंटापासून फुटणाऱ्या जाती पानगळीनंतर, 10-15 सेंटिमीटरवर तिरक्या, गुळगुळीत कापा. पाणी साचले की खुंट कुजतो. पुढच्या हंगामात दोनच जोमदार फुटवे राखा.

ओल्या जमिनीवर ट्रॅक्टर नेऊ नका. माती दबून मुळे गुदमरतात. पालापाचोळा जाळू नका, फक्त जाळरेषांवरचा (आग पसरू नये म्हणून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांवरचा) ओढून काढा. वाटेपासून दूर असलेली एक-दोन पोकळ वठलेली झाडे पक्ष्यांसाठी उभी राहू द्या.

गोलांच्या खुंट्या मात्र उपटू नका, पुढची मोजणी त्याच जागी करायची आहे.