वाचक विचारतात: हेडसेटवाला दुसरा कोच

प्रश्न: सर नमस्कार, मी दारव्हा तालुक्यातला, अमरावतीहून बीपीएड झालो, शाळेपासून कबड्डी खेळलो लेफ्ट कॉर्नरला पण गुडघा गेला अन् खेळणं सुटलं. रात्री मोबाईलवर अमेरिकेतल्या कॉलेजांचं फुटबॉल पाहतो, ते हेल्मेट घालून खेळते ते. रेषेबाहेर हेडसेट लावून कितीतरी कोच उभे राहते, त्यातल्या मेन कोचचं नाव सगळ्यायले माहीत, बाकीचे करते काय? मले त्यातला एक व्हायचं हाये. बाबा म्हणते सोयाबीन निघू दे मग बोलू. हे करिअर खरंच असते काय?

उत्तर: असते भाऊ, आणि तुझा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं, कारण मेन कोच सोडून बाकीच्यांकडे कोणी बघतच नाही.

तुझ्या खेळातूनच सांगतो. समज कबड्डीच्या संघात एक कोच फक्त दोन कॉर्नरवाल्यांचा, दुसरा फक्त रेडरचा, तिसरा कव्हरचा, तर कसं होईल? तिथे तसंच आहे. मैदानात ११ जण, दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात, आणि चढाई करणारे वेगळे, अडवणारे वेगळे. प्रत्येक असिस्टंट कोचकडे एक गट. समोरची भिंत धरणाऱ्या पाच जाडजूड पोरांचा कोच दिवसभर त्यांचं पहिलं पाऊल बघतो, फक्त पाऊल, कोणतं आधी उचललं, किती रुंद टाकलं, हात कुठे होते. शनिवारी मॅच झाली की रविवारी तिची फिल्म, म्हणजे व्हिडिओ बघायचा, मग पुढच्या संघाची फिल्म, मग गुरुवारपर्यंत सराव आणि मीटिंगा. आणि गावोगाव फिरून शाळकरी पोरं हेरायची, त्यांच्या घरी बसून आईबापाला समजवायचं की तुमचं लेकरू आमच्या कॉलेजात द्या, हेही त्याच्याच अंगावर. हे काम टीव्हीवर कधी दिसत नाही पण कोचची नोकरी बरेचदा यावरच टिकते.

सुरुवात बहुतेकांची ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून होते, म्हणजे एकीकडे एमए-एमएस्सीसारखी डिग्री करायची आणि दुसरीकडे फिल्मचे तुकडे पाडायचे, समोरचा संघ कसा खेळतो त्याची चित्रं कार्डांवर काढायची, म्हणजे सरावात आपलीच राखीव पोरं ती बघून समोरच्याची नक्कल करतात. निक सेबन हा नावाजलेला कोच १९७३ ला केंट स्टेट कॉलेजात असाच लागला होता, पुढे अलाबामा कॉलेजचा हेड कोच म्हणून त्याने जे केलं ते तू बघितलंच असशील. त्याच्याच हाताखाली कर्बी स्मार्ट २००८ ते २०१५ डिफेन्सचा कोऑर्डिनेटर, म्हणजे अडवणाऱ्या सगळ्या गटांचा मुख्य असिस्टंट होता, मग जॉर्जिया कॉलेजचा हेड कोच झाला आणि २०२१, २०२२ अशा सलग दोन सीझनला देशाचं विजेतेपद जिंकला.

पण मला या सगळ्यांपेक्षा बड फॉस्टर जवळचा वाटतो. १९८७ ला व्हर्जिनिया टेकला आला आणि २०१९ चा सीझन संपवून थांबला, ३३ सीझन एकाच कॉलेजात, हेड कोच कधीच झाला नाही. असिस्टंट कोचसाठी ब्रॉयल्स अवॉर्ड म्हणून मोठा मान आहे, तो २००६ ला त्याला मिळाला. मी स्वतः चार वर्षं एका शाळेच्या खो-खो संघाचा दुसरा मास्तर होतो, पोरींना खांबाजवळ वळायचं कसं एवढंच माझ्याकडे होतं, जिंकल्यावर पेपरातल्या फोटोत मी नव्हतो, याचं तेव्हा वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. पण त्या पोरी खांबाला हात लावून अशा फिरायच्या की बघत राहावं.

आता कडू भाग. फॉस्टरसारखं एका जागी राहणं फार थोड्यांना जमतं. हेड कोचला काढलं की नवा येणारा आपली माणसं घेऊन येतो आणि जुन्या असिस्टंटांचं बिऱ्हाड उचलतं, बदलीच्या मास्तरासारखं, फक्त मास्तरचा पगार चालू राहतो, यांच्या पगाराचा भरवसा नसतो. शिवाय तिथे बहुतेक तेच लोक घेतात जे स्वतः कॉलेजात हा खेळ खेळले. आणि स्टुडंट व्हिसावर कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, तेही कॅम्पसमध्येच. म्हणून हात जोडून सांगतो, यासाठी वावर विकू नको, कर्जही काढू नको.

मग करायचं काय? तू कॉर्नरवाला आहेस, रेडरचे पाय वाचायची तुझी सवय आहे, तीच या कामाची अर्धी विद्या. यंदा तुमच्याकडे हिवाळ्यात कबड्डीचे सामने होतील तेव्हा मैदानाच्या मागच्या बाजूने उंचावर मोबाईल लाव, एकेक रेड वेगळी काप आणि वहीत लिही, कोणता पाय आधी, बोनसला कधी गेला, तिसऱ्या रेडला काय बदललं. दहा मॅच अशा लिहिल्यास की गावच्या संघाला नेऊन दाखव. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) कोचिंग डिप्लोमा आहे त्याचीही चौकशी कर. आणि तू ज्या अमरावतीत शिकला तिथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं १९३६ ला बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी दाखवून आली होती, तेव्हा आपल्या मातीतून तिकडे जाणं काही नवीन नाही. बाबांचं मात्र ऐक, आधी सोयाबीन काढा.

प्रश्न: माझी मुलगी नववीत आहे (काटोल तालुका). पीटीचे सर म्हणतात फ्लॅग फुटबॉल शिकवतो. अमेरिकेचं ते धडका मारायचं फुटबॉल हेच का? भीती वाटते.

उत्तर: नाही ताई, यात धडक मारायची परवानगीच नाही. पाच-पाच जणी खेळतात, कमरेच्या पट्ट्याला कापडी फीत लटकवलेली असते, ती ओढली की ती पोरगी थांबली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतच आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची बैठक झाली, तिथे २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी हा खेळ घेतला, मुलींचाही. बूट चांगले घेऊन द्या आणि खेळू द्या, वळताना घोटा मुरगळतो तेवढं सरांना बघायला सांगा.