डोकं तुझंच आहे

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

रविवारच्या आपल्या सायकलफेरीत हेल्मेट घालायलाच हवं म्हटलं, तर हिप्परग्याच्या तलावाजवळ चहा अर्धा टाकून निघून गेलास. "डोकं माझं, मर्जी माझी. कायद्यात कुठं लिहिलंय?" एवढं बोललास आणि सायकलवर टांग मारलीस. बाकीची पोरं माझ्या तोंडाकडं बघत बसली. मी गप्प राहिलो, कारण कायद्याचं तू बरोबर बोलला होतास. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं हेल्मेटचं कलम, १२९ वं, मोटारसायकलवाल्यांसाठी आहे. पायडल मारणाऱ्याला त्यात कुणी विचारलेलं नाही. माझं मत विचारशील तर विचारूही नये.

आपल्या सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कापडाच्या मागावर कामाला जाणारी माणसं तू रोज बघतोस. हँडलला डबा, कॅरिअरला पिशवी, चाल बैलगाडीहून जरा बरी. त्यातल्या एकाची चेन मी गेली वीस वर्षं बसवून देतोय. त्याला सहज म्हटलं, हेल्मेट घेतोस का? तर म्हणाला, "काका, सायकलच्या निम्म्या किमतीची टोपी घालून मागावर जाऊ काय?" उद्या त्याला सक्ती केली तर तो हेल्मेट घेणार नाही, सायकल सोडेल. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं १९९० च्या जुलैत जगात पहिल्यांदा अशी सक्ती केली, आणि नंतरच्या मोजणीत शाळकरी पोरं सायकलवर कमी दिसायला लागली. नक्की कशानं, यावर तिथली विद्वान मंडळी अजून भांडतात. उलट नेदरलँड्समध्ये बहुतेक लोक उघड्या डोक्यानं हिंडतात, कारण त्यांना सायकलीची वेगळी वाट आहे. आपल्याला विजापूर रोडवर साइडपट्टी मिळाली तरी नशीब.

म्हणजे तू जिंकलास? थांब.

दुकानात मागच्या फळीवर, ट्यूबच्या खोक्यांशेजारी, माझं जुनं हेल्मेट आहे. तू आलास की ते उलटं करून बघ. डाव्या कानामागं आतला पांढरा थर्माकोल चार आण्याच्या नाण्याएवढा आत गेलाय. अंगठ्यानं दाब, परत वर येत नाही. तुळजापूर रोडवर कुत्रं आडवं आलं, मी पडलो, रस्त्याकडेच्या दगडावर डोकं आपटलं, त्याची ती खूण. डोकं थांबायच्या आधी थर्माकोल चेपला जातो आणि धक्का जरा सावकाश बसतो, एवढंच त्याचं काम. ते एकदाच करतो, म्हणून पडलेलं हेल्मेट पुन्हा घालायचं नसतं. हेल्मेट नसतं तर मेलोच असतो, असं मी छातीठोक सांगत नाही. पोरं सांगतात. मला चार टाके पडले, ते कोपराला.

आता त्याची मर्यादाही ऐक. युरोपातल्या मानकात हेल्मेट सपाट लोखंडावर सुमारे दीड मीटरवरून आपटून तपासतात. म्हणजे ताशी वीसेक किलोमीटरचा धक्का. ट्रकपुढं ते थर्माकोलच. गळिताच्या दिवसांत मागं दिवा नसलेल्या उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या अंधारात जातात, त्यांच्यापुढं तुझा मागचा लाल दिवा आणि ब्रेक जास्त कामाचे. तुझ्या मागच्या ब्रेकची रबरं घासून गुळगुळीत झाल्यात, ते मी रविवारीच बघितलं. वाद घालण्याआधी ती बदल. आणि अपघात झाला की "हेल्मेट नव्हतं ना?" म्हणून सायकलवाल्यालाच दोषी धरणारी माणसं भेटतील. त्यांना तुझ्याच भाषेत उत्तर दे, माझी हरकत नाही.

उन्हाचं कारण मात्र पहाटे साडेपाचला सांगू नकोस. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२ च्या वर जातो हे खरं, पण आपण आठच्या आत घरी असतो. उन्हाची कुरकुर मोठ्या शर्यतवीरांनीही केली होती. २००३ साली पॅरिस-नीस सायकल शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह हेल्मेटविना पडला आणि गेला, तेव्हा कुठं सक्ती आली. सुरुवातीला शेवटचा चढ लांबलचक असला तर तिथं हेल्मेट काढायची मुभा होती. पुढं तीही गेली. घामासाठी तू आत सोलापुरी टॉवेलची घडी कोंबतोस ना, ती काढ. तिच्यानं हेल्मेट डोक्यावर तरंगतं. कडा भुवईच्या दोन बोटं वर, पट्ट्याखाली जेमतेम एक-दोन बोटं जावीत. बाकी पट्टा सैल सोडून हेल्मेट मागं ढकलायचं असेल तर ते हँडललाच अडकवून ठेव, तेवढंच वजन कमी.

एकटा नव्या पेठेत भाजी आणायला जाशील तेव्हा तुझी मर्जी. मीही तिथं टोपीच घालून जातो, लपवत नाही. पण रविवारी आपण अठराजण एकामागं एक, हातभर अंतरावर चालतो. पुढचा पडला की मागचे दोघं त्याच्यावर पडतात. आणि तू पडलास तर तुझ्या आईला फोन मला करायचाय. तेवढ्या अडीच तासांपुरता नियम माझा.

तुझ्या मापाचं एक जादा हेल्मेट दुकानात आहे, कोरं आहे. शनिवारी संध्याकाळी येऊन पट्टा बसवून घे. ब्रेकची नवी रबरं मी काढून ठेवतो, चहाचे पैसे मी दिलेत.

तुझा,
काका