दिवाळीची पार्टी, कंपनीचा खर्च आणि माणशी १५० पौंड

ब्रिटनमध्ये स्वतःची लिमिटेड कंपनी चालवणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांचा रोख एकाच आकड्याकडे आहे: माणशी १५० पौंड. कर्मचाऱ्यांच्या वार्षिक पार्टीवर कंपनीने वर्षात माणशी एवढ्यापर्यंत खर्च केला, तर त्यावर कर्मचाऱ्याला कर लागत नाही, ही ती सवलत.

प्रश्न : कंपनीत मी एकटाच आहे, संचालकही मीच. दिवाळीत बायकोला घेऊन बाहेर जेवायला गेलो तर ३०० पौंड खर्चात टाकता येतात का? मुलंही येतील. (स्लाव)

दोघे गेलात आणि खरोखर ३०० पौंड खर्च झाले, तर येतात. पण १५० पौंड हा भत्ता नाही. बिल १२० पौंडांचं झालं तर खर्च १२० पौंडांचाच. उरलेले १८० काढून घेता येत नाहीत, पुढच्या वर्षीही नेता येत नाहीत.

सवलतीसाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. कार्यक्रम दरवर्षी होणारा हवा, दिवाळी किंवा नाताळसारखा. नवं कंत्राट मिळालं म्हणून केलेली मेजवानी यात बसत नाही. तो सगळ्या कर्मचाऱ्यांना खुला हवा. तुमच्या कंपनीत कर्मचारी एकच, त्यामुळे ही अट आपोआप पूर्ण होते. आणि माणशी खर्च, व्हॅट धरून, १५० पौंडांच्या आत हवा. टॅक्सी आणि रात्रीची खोली कंपनीने दिली असेल तर तेही त्याच बेरजेत येतं.

भागाकार हजर असलेल्या सगळ्यांनी करायचा, पाहुणे धरून. नियमाच्या अक्षराप्रमाणे मुलंही मोजली जातील, पण चार जणांच्या कुटुंबाचं जेवण ‘स्टाफ पार्टी’ म्हणून दाखवलं की हा खर्च धंद्यासाठी की घरासाठी, हा प्रश्न ओढवून घेतला जातो. मुलांचं बिल वेगळं मागा आणि स्वतःच्या खिशातून द्या, हा माझा स्पष्ट सल्ला.

फायदा किती, तेही पाहून ठेवा. नफा ५०,००० पौंडांपर्यंत असेल तर कॉर्पोरेशन टॅक्स, म्हणजे कंपनीच्या नफ्यावरचा कर, १९ टक्के. २८० पौंडांच्या जेवणावर कर वाचतो ५३ पौंड २० पेन्स. एरवी गेलाच असता तर ठीक, पण कर वाचवायला म्हणून जाण्यात काही हशील नाही.

प्रश्न : आमचे नऊ कर्मचारी. जोडीदारांसह सोळा जणांची नाताळ पार्टी ठरवली, पण ऐनवेळी दोन जोडीदार आले नाहीत. माणशी खर्च १५० च्या किंचित वर गेला. वरच्या पैशांवरच कर लागेल ना? (लेस्टर)

नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, म्हणून तुम्ही पाठवलेला हिशेबच मांडतो.

हॉल ६००, जेवण १,०८०, डीजे २५०, टॅक्सी १८०. एकूण २,११० पौंड. सोळा जण आले असते तर माणशी १३१ पौंड ८८ पेन्स पडले असते. आले चौदा. हॉल आणि डीजे तेवढेच राहिले, जेवणाची ताटंही आधी सांगितलेली, म्हणून भागाकार १५० पौंड ७१ पेन्सवर गेला. मर्यादा ओलांडली की सवलत पूर्ण जाते. ७१ पेन्सवर नाही, पहिल्या पौंडापासून कर बसतो. जो कर्मचारी जोडीदाराला घेऊन आला, त्याच्या नावावर दोघांचे मिळून ३०१ पौंड ४३ पेन्स लागतात.

आता दोन वाटा. एक, प्रत्येकाच्या पी११डी फॉर्ममध्ये (पगाराबाहेरचे लाभ कळवायचा फॉर्म) ही रक्कम दाखवायची, मुदत ६ जुलै. मग कर कर्मचाऱ्याच्या पगारातून जातो आणि कंपनी क्लास १ए नॅशनल इन्शुरन्स (अशा लाभांवरची सामाजिक विम्याची वर्गणी) १५ टक्क्यांनी, म्हणजे ३१६ पौंड ५० पेन्स भरते. पार्टीला बोलावून नंतर कर कापणं कुणालाच रुचत नाही.

दुसरी वाट पीएसएची, म्हणजे एचएमआरसीशी (ब्रिटनच्या कर खात्याशी) करार करून कर कंपनीनेच भरायचा. कर्मचारी सगळे २० टक्क्यांच्या पट्ट्यात असतील तर २,११० वर २०/८० प्रमाणे (कंपनीने भरलेला करही लाभच धरला जातो, म्हणून) ५२७ पौंड ५० पेन्स कर. मग दोन्हींच्या बेरजेवर, २,६३७ पौंड ५० पेन्सवर, १५ टक्के क्लास १बी नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे ३९५ पौंड ६३ पेन्स. एकूण ९२३ पौंड १३ पेन्स. मर्यादेपेक्षा खर्च जास्त झाला होता फक्त १० पौंड! करार आधीचा नसेल तर करवर्ष संपल्यावर येणाऱ्या ५ जुलैपर्यंत करायचा, पैसे २२ ऑक्टोबरपर्यंत ऑनलाइन भरायचे. तुमच्यासाठी मी हीच वाट सुचवेन.

पुढच्या वेळी बेत माणशी १२० च्या आसपास आखा आणि हिशेब करताना दोन-तीन माणसं कमीच धरा.

कॉर्पोरेशन टॅक्सच्या दृष्टीने मात्र हा सगळा खर्च चालतो, १५० च्या वर गेला तरी. १५० ची मर्यादा कर्मचाऱ्याच्या कराची आहे, कंपनीच्या खर्चाची नाही.

प्रश्न : उन्हाळ्यात बार्बेक्यू (माणशी ६०), दिवाळी (७५) आणि नाताळ (९५) असे तीन कार्यक्रम करतो. चालेल का? (रेडिंग)

तिन्हींची बेरीज २३०, म्हणून एक तरी बाहेर जाणार. कार्यक्रम अर्धा आत, अर्धा बाहेर करता येत नाही. ६० आणि ७५ मिळून १३५, ते आत बसतात. नाताळचे ९५ पूर्ण करपात्र. ६० आणि ९५ घेतले तर १५५, पाच पौंडांनी हुकतं. नाताळ ९० मध्ये बसवलात तर बार्बेक्यूसह नेमके १५० होतात आणि बाहेर राहते ७५ ची दिवाळी.

ही मोजणी ६ एप्रिल ते ५ एप्रिल या करवर्षाची, कंपनीच्या हिशेबी वर्षाची नव्हे. गुढीपाडव्याला जेवण देणाऱ्यांनी तारीख जरूर पाहावी. २०२४ चा पाडवा ९ एप्रिलला आला, २०२५ चा ३० मार्चला. दोन्ही २०२४-२५ या एकाच करवर्षात. उलट २०२३-२४ मध्ये पाडवा पडलाच नाही.

प्रश्न : पार्टीवरचा व्हॅट परत मिळतो का?

कर्मचाऱ्यांच्या वाट्याचा मिळतो, पाहुण्यांचा नाही. बिलांवर व्हॅट २८० पौंड असेल आणि चौदापैकी नऊ कर्मचारी, तर १८० पौंड. फक्त संचालकांचीच पार्टी असेल तर काहीच नाही. फ्लॅट रेट स्कीममध्ये (विक्रीच्या ठरावीक टक्क्याने व्हॅट भरायची योजना) असाल तर हा प्रश्नच येत नाही. व्हॅट परत मिळाला तरी १५० चा हिशेब व्हॅट धरूनच करायचा.

ग्राहकाला बोलावलंत तर त्याच्या वाट्याच्या जेवणाचा व्हॅटही नाही आणि कॉर्पोरेशन टॅक्समध्ये वजावटही नाही.

प्रश्न : माझी हाउन्स्लोत डब्यांची सेवा आहे, कंपनी नाही, सोल ट्रेडर आहे. मला ही सवलत मिळेल?

नाही. मालक स्वतःचा कर्मचारी नसतो. मदतनीस पगारावर असतील तर त्यांच्या पार्टीचा खर्च धंद्यात धरता येतो.

प्रश्न : पार्टीऐवजी भेटकार्ड दिलं तर?

त्याला वेगळा नियम आहे, ‘ट्रिव्हिअल बेनिफिट’चा, आणि तो पार्टीच्या १५० मधून काही खात नाही. एक भेट व्हॅटसह ५० पौंडांपर्यंत. इथेही ५० च्या वर एक पेनी गेली की सगळी रक्कम करपात्र. रोख रक्कम चालत नाही, रोखीत बदलता येणारं कार्डही नाही. छोट्या घरगुती कंपनीच्या संचालकाला वर्षाला एकूण ३०० पौंडांची कमाल मर्यादा आहे.

भेट कामाचा मोबदला असता कामा नये. कार्डावर ‘दिवाळीच्या शुभेच्छा’ लिहा. ‘या तिमाहीत टार्गेट गाठल्याबद्दल’ लिहिलंत की तुमच्याच अक्षरात पुरावा तयार होतो आणि सवलत जाते.

प्रश्न : कागदपत्रं कोणती ठेवावीत?

फक्त कार्ड मशीनची चिठ्ठी नको, पदार्थांसकट पूर्ण बिल घ्या. २५० पौंडांपर्यंत साधी व्हॅट पावती चालते. त्यावर गेलं तर बिलावर कंपनीचं नाव हवंच. पैसे स्वतःच्या कार्डाने दिले असतील तर खर्चाचा दावा लिहून ते कंपनीकडून घ्या. बिलाच्या मागे त्याच रात्री तारीख, निमित्त आणि आलेल्यांची नावं लिहा, कोण कर्मचारी आणि कोण पाहुणा ते समोर. टॅक्सीच्या पावत्या त्यालाच टाचा. भागाकारातला खालचा आकडा सिद्ध करायला नावांची हीच यादी लागते, आणि मार्चअखेरीस ती आठवून लिहायला बसलात की एखादं नाव हमखास सुटतं.