पातळ लॅपटॉप घ्यावा, पण रॅमचं काय?

प्रश्न: आमचं गाव चांदूर रेल्वे तालुक्यात. पोरगी अमरावतीले इंजिनिअरिंगला लागली, रोज एसटीनं जाते म्हणून हलका लॅपटॉप पाहिजे म्हणते. दुकानदार म्हणते, आता ८ जीबी रॅमवाला घ्या, पुढं वाढवून घेजा. कापसाचे पैसे आहेत भाऊ, घेऊ काय?

उत्तर: भाऊ, थांबा जरा. रॅम म्हणजे चालू कामापुरती मेमरी; बहुतेक पातळ लॅपटॉपमधी ती मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, सोल्डर करून पक्की डकवलेली राह्यते, ती मागाहून वाढतच नाही, म्हणून दुकानदाराले सरळ विचारा की या मॉडेलमधी रॅमचा मोकळा स्लॉट (जादा रॅम बसवायची खाच) आहे काय, आणि कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलनंबरची माहिती स्वतः वाचून घ्या. स्लॉट नसंल तर १६ जीबीच घ्या, प्रोसेसर (लॅपटॉपचा मेंदू) थोडा खालचा चालंल पण रॅमवर पैसे वाचवू नका. एसएसडीचं, म्हणजे फायली साठवायच्या डिस्कचं, तेवढं टेन्शन नाही, एम.२ वाली (काढता-घालता येणारी पट्टी) असली तर पुढं बदलता येते.

प्रोसेसरचं म्हणाल तर इंटेल कंपनीच्या प्रोसेसरच्या नंबरच्या शेवटी यू (U) असला की तो साधारण १५ वॅटचा, बॅटरी जपणारा. एच (H) वाला त्याहून जास्त वॅटचा, ताकदवान पण तापते. आता आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ वर जाते, आणि पातळ लॅपटॉप तापला की स्वतःचा वेग कमी करते, मग महागडा प्रोसेसर घेऊन फायदा काय? कोडिंगले यू वाला पुरते. पोरीले मोठं थ्रीडी डिझाइनचं काम असंल तरच एच वाला पहा, तो मात्र जरा जाड घ्या, अन वजन पोरीलेच उचलून पाहू द्या.