डर्बीला पैसे लावण्याआधी

पहिल्यांदाच केंटकी डर्बी, म्हणजे अमेरिकेतली ती मोठी घोड्यांची शर्यत, खेळताय, तर आधी भाव (जिंकल्यास लावलेल्या पैशांवर किती मिळतील तो दर) बघू नका. अंतर बघा. सव्वा मैल, म्हणजे 10 फर्लांग, आणि तीन वर्षांच्या या घोड्यांपैकी बहुतेक जण एवढं कधी धावलेलेच नसतात. आठ-नऊ फर्लांगांवर चमकलेला घोडा शेवटच्या फर्लांगात पाय ओढायला लागतो. म्हणून मागच्या रेसमध्ये तो जिंकला की नाही यापेक्षा शेवटी त्याच्यात दम किती उरला होता, ते तपासा.

मग पेस, म्हणजे शर्यतीचा सुरुवातीपासूनचा वेग. पुढे पळणारे चार-पाच घोडे एकत्र आले की ते एकमेकांना दमवतात. 2022 मध्ये तेच झालं: पहिला पाव मैल 21.78 सेकंदांत, आणि मागून आलेला 80 ला 1 भावाचा रिच स्ट्राइक जिंकला. (मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.)

टोटवर (सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणारी पद्धत) भाव शेवटच्या मिनिटापर्यंत हलतो आणि ट्रॅक आपला कट आधीच काढून घेतो. त्यामुळे फेव्हरिट (ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे लागलेत तो घोडा) चांगला असला तरी फार कमी भावात घेऊ नका. ट्रायफेक्टा (पहिले तीन घोडे क्रमाने ओळखणं) वगैरे यंदा राहू द्या, साधं विन, म्हणजे फक्त पहिला कोण येईल यावर, खेळा. गेले तरी चालतील एवढेच पैसे खिशात ठेवा.